मुखारोग्य व दंतरक्षण

मुखारोग्य व दंतरक्षण : दात, हिरड्या, जीभ, टाळू, गालांच्या आतील श्लेष्मकला (बुळबुळीत अस्तर) व लाळग्रंथी हे मुखाचे सर्व घटक रोगमुक्त असून चावणे, गिळणे, चव घेणे व बोलणे ही कार्ये वेदनेवाचून चालू असण्याच्या अवस्थेस मुखारोग्य म्हणतात. ही अवस्था टिकविण्यासाठी व्यक्तीने, कुटुंबाने व समाजाने योजावयाच्या उपायांचा समावेश दंतरक्षणात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सु. ३५० कोटी लोक, म्हणजे जवळजवळ निम्मी लोकसंख्या, कोणत्या ना कोणत्या मुखरोगाने पीडित आहे. दंतक्षय (दातकीड), हिरड्यांचे रोग व मुखाचा कर्करोग हे त्यांतील प्रमुख होत. या तिन्ही रोगांत एक महत्त्वाचे साम्य आहे : आरंभी ते दुखत नाहीत. वेदना सुरू होते तेव्हा बरीचशी हानी होऊन गेलेली असते. त्यामुळे वेदनेची वाट न पाहता रोज घरी घेतलेली काळजी हाच दंतरक्षणाचा पाया ठरतो.

ही गोष्ट शहरांपेक्षा खेड्यांत व लहान बाजारगावांत अधिक महत्त्वाची आहे. वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे अशा गावांचे एक उदाहरण म्हणून घेता येईल. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. समृद्धी महामार्गाने शेलूबाजार नागपूरपासून सु. २१० किमी. अंतरावर आहे. विदर्भातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय नागपूर येथे १९६८ पासून आहे. म्हणजे अवघड दंतोपचारासाठी तेथे जावयाचे झाल्यास शेतकऱ्याचा वा शेतमजुराचा निदान एक दिवस व त्या दिवसाची मजुरी खर्ची पडते. याउलट चहा, साखर, बिस्किटे, तंबाखू व सुपारी या वस्तू अशा गावांत हाताच्या अंतरावर मिळतात. रोगाची कारणे जवळ आणि उपचार दूर, अशी ही परिस्थिती आहे.

दातांची रचना व आगमन : दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग म्हणजे दंतशिखर व जबड्याच्या हाडात रुतलेला भाग म्हणजे दंतमूळ होय. दंतशिखरावर दंतवल्क नावाचे पांढरे, चकचकीत आवरण असते. सु. ९६ टक्के खनिजांचे बनलेले हे आवरण शरीरातील सर्वांत कठीण ऊतक होय. परंतु त्यात जिवंत कोशिका नसल्यामुळे एकदा फुटले वा किडून गेले की, ते पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आत पिवळसर दंतिन व त्याच्याही आत रक्तवाहिन्या आणि तंत्रिका असलेला मऊ मगज असतो. दंतवल्काला संवेदना नसते, हेच आरंभीचा दंतक्षय दुखत नसण्याचे कारण आहे.

दुधाचे दात २० व कायमचे दात ३२ असतात. पहिला दुधाचा दात साधारणतः सहाव्या महिन्यात येतो व अडीच वर्षांपर्यंत सर्व दुधाचे दात आलेले असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसल्यामुळे पालक तिला दुधाचीच दाढ समजतात व ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. आयुष्यभर चर्वणाचा मोठा भार वाहणारी ही दाढ त्यामुळे पुष्कळदा बालपणीच निकामी होते. अक्कलदाढा सामान्यतः १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येतात. काहींना त्या येतच नाहीत. [→ दात].

दंतक्षय : दातात किडा असतो व तो दात पोखरतो, ही समजूत जगातील अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. सुश्रुतसंहितेत या रोगास ‘कृमिदंतक’ असेच नाव आहे. फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही कल्पना अमान्य केली. पुढे १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर यांनी तोंडातील सूक्ष्मजंतू पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून अम्ल तयार करतात व त्या अम्लात दाताची खनिजे विरघळतात, असे प्रतिपादन केले. १९२४ मध्ये जे. के. क्लार्क यांनी या प्रक्रियेत महत्त्वाचा भाग घेणाऱ्या एका मालागोलाणूचे वर्णन केले. मराठी भाषेत ‘कीड’ हा शब्द रूढ असला, तरी प्रत्यक्षात दातात कोणताही किडा नसतो. आठवडी बाजारात वा जत्रेत दातातून किडा काढून दाखविणारे जे दाखवितात, ती हातचलाखी असते.

दातांवर सूक्ष्मजंतूंचा एक चिकट, रंगहीन थर सतत साचत असतो. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच या थरात अम्ल तयार होते. अम्लता सु. ५·५ पीएच मूल्याच्या खाली गेली की, दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळेमुळे अम्लता हळूहळू कमी होते व गेलेली खनिजे काही प्रमाणात परत बसतात. यास सामान्यतः अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकूण किती साखर खाल्ली, याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, यालाही महत्त्व आहे. ताट वाढल्यावर जेवणासोबत खाल्लेला एक लाडू दातांवर एकच आघात करतो; तेवढीच साखर दिवसभरात सहा वेळा चहातून घेतल्यास दातांवर सहा आघात होतात व लाळेला भरपाईची उसंत मिळत नाही.

आरंभी दंतवल्कावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत योग्य काळजी घेतल्यास रोग थांबू शकतो. पुढे खड्डा पडतो व दंतिन उघडे पडून गार, गरम वा गोड पदार्थ लागल्यास दात ठणकतो. या अवस्थेत खड्डा स्वच्छ करून भरता येतो. क्षय मगजापर्यंत पोहोचला की, रात्री झोपू न देणारी कळ येते. त्यानंतर मगज मरतो व वेदना काही काळ थांबते. हे थांबणे रोग बरा झाल्याचे लक्षण नसून मुळाशी पू होण्याची ती पूर्वावस्था असते.

हिरड्यांचे रोग : साचलेला जंतुथर वेळीच काढला नाही, तर लाळेतील खनिजे त्यात बसून तो टणक होतो. त्यास किटण म्हणतात. किटण घासून निघत नाही. ते दंतवैद्याकडील उपकरणांनीच काढावे लागते. जंतुथरामुळे हिरडी लाल होते, सुजते व घासताना तिच्यातून रक्त येते. हा हिरडीशोथ (हिरडीची दाहयुक्त सूज) होय व तो पूर्णपणे बरा होऊ शकतो. मात्र रक्त दिसताच पुष्कळ लोक त्या जागी घासणे सोडून देतात. त्यामुळे थर आणखी वाढतो. वस्तुतः तेथेच अधिक काळजीने व हलक्या हाताने घासणे आवश्यक असते.

उपेक्षा झाल्यास शोथ खोलवर जातो, हिरडी दातापासून सुटते, आधाराचे हाड झिजते व दात हलू लागतो. यालाच व्यवहारात पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. म्हातारपणी दात पडणे स्वाभाविकच आहे, ही समजूत चुकीची आहे. दात वयामुळे पडत नसून मुख्यतः वर्षानुवर्षे साचलेल्या थरामुळे झालेल्या रोगाने पडतात. मधुमेही व्यक्तींत हा रोग अधिक तीव्र होतो आणि हिरड्यांतील जंतुसंक्रामणामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते. किटण काढल्याने दात हलू लागतात, असाही एक गैरसमज आहे. किटणाच्या आधाराने उभा असलेला रोगग्रस्त दात ते निघाल्यावर काही काळ मोकळा भासतो, इतकेच.

परंपरागत साधने : भारतात दंतधावनाची परंपरा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळे लांब व करंगळीइतक्या जाडीची ताजी काडी वापरण्यास सांगितले असून कडू रसाच्या वृक्षांत कडुनिंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज व गोडांत मोह हे श्रेष्ठ मानले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सकाळी व भोजनानंतर, मऊ टोकाच्या काडीने, हिरड्यांना इजा न होऊ देता दात घासावेत, असे सांगितले आहे. वेळ, साधनाचा मऊपणा व हिरड्यांची काळजी ही यातील तिन्ही सूत्रे आधुनिक दंतवैद्यकासही मान्य आहेत. व्यवहारात मात्र त्यांपैकी सकाळचे घासणे तेवढे टिकले व भोजनानंतरचे मागे पडले.

वऱ्हाडात कडुनिंबाची व बाभळीची काडी सर्वत्र सुलभ होती. चावून कुंचल्यासारखे केलेले काडीचे टोक नीट वापरल्यास दातांचे बाहेरील पृष्ठभाग चांगले स्वच्छ होतात. दाढांच्या आतील बाजूस व मागे मात्र काडी पोहोचत नाही आणि आडवी, जोराने घासल्यास हिरडी सोलवटते. काडीबरोबरच गोवऱ्यांची राख, राखुंडी, कोळशाची पूड, मीठ व विटेची भुकटीही वापरली जात असे. काही घरांत ती आजही आढळते. खरखरीत पुडीने दात पांढरे दिसतात, कारण डागांबरोबर दंतवल्कही झिजते. हिरडीलगत पडलेल्या खाचा व गार पाण्याने येणाऱ्या शिणका हा अशा घासण्याचा नेहमीचा परिणाम होय. वनस्पतिजन्य चूर्णे पुढे कारखान्यांत तयार होऊ लागली; केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको या संस्थेचे ‘वज्रदंती’ हे महाराष्ट्रातील त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

या परंपरेतील सर्वांत घातक साधन म्हणजे मिशरी होय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड, विशेषतः स्त्रिया, दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून बोटाने लावतात. निकोटिनामुळे तिचे व्यसन जडते व सकाळी एकदा लावली जाणारी मिशरी दिवसातून अनेक वेळा लावली जाऊ लागते. तंबाखूयुक्त दंतमंजनाच्या निर्मितीस व विक्रीस केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती वैध ठरविली. घरी भाजलेल्या मिशरीस मात्र असा अटकाव करता येत नाही. तेथे कुटुंबाचे प्रबोधन हाच उपाय उरतो.

दात घासण्याची पद्धती : दात दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी सु. दोन मिनिटे घासावेत. दोहोंपैकी रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण झोपेत लाळेचा स्राव अतिशय कमी होतो व दातांत अडकलेल्या अन्नावर सूक्ष्मजंतूंना रात्रभर काम करण्यास वाव मिळतो. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. पहाटे शेतावर निघणाऱ्या व्यक्तीस सकाळी घाई असते. तिनेही निदान रात्रीचे घासणे चुकवू नये.

ब्रश मऊ केसांचा व लहान डोक्याचा असावा. त्याचे केस दात व हिरडी यांच्या सांध्यावर सु. ४५ अंशांच्या कोनात टेकवून लहान लहान हालचालींनी घासावे आणि नंतर वरच्या दातांवर वरून खाली व खालच्या दातांवर खालून वर ब्रश फिरवावा. बाहेरील, आतील व चावण्याचा असे तिन्ही पृष्ठभाग क्रमाने घ्यावेत. जोराने आडवे घासू नये. केस विस्कटताच, साधारणतः तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा. प्रत्येकाचा ब्रश स्वतंत्र असावा. दोन दातांच्या फटीत ब्रशचे केस शिरत नाहीत. तेथे दंतदोरा वापरावा. टाचणी, काडेपेटीची काडी वा सुई यांनी दात कोरल्यास हिरडीस जखम होते. जीभही रोज हलक्या हाताने स्वच्छ करावी, कारण दुर्गंधीचे कारण बऱ्याचदा जिभेच्या मागील भागावरील थरात असते.

दंतमंजनापेक्षा घासण्याची क्रिया महत्त्वाची असली, तरी फ्ल्युओराइडयुक्त पेस्ट दंतक्षयास निश्चितपणे प्रतिबंध करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तीन वर्षांखालील मुलांस तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा. लगेच भरपूर पाण्याने चुळा भरल्यास फ्ल्युओराइड वाहून जाते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हातांना पुरेसे कौशल्य आलेले नसते, म्हणून मोठ्या माणसाने त्यांचे दात घासून द्यावेत.

आहार : ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या व कच्ची काकडी, मुळा यांसारखे चावून खाण्याचे पदार्थ असलेला पारंपरिक वऱ्हाडी आहार दातांना हितकर आहे; चावण्यामुळे लाळ सुटते व लाळ ही दातांची नैसर्गिक संरक्षक होय. निरोगी प्रौढात दररोज सु. अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. या आहाराभोवती आता साखरेचा चहा, बिस्किटे, गोळ्या, शीतपेये व पुडीबंद तळलेले पदार्थ यांची भर पडली आहे. दातांस चिकटून राहणारी बिस्किटे व गोळ्या, चटकन गिळल्या जाणाऱ्या पदार्थांपेक्षा अधिक अपायकारक असतात. गूळ व मध नैसर्गिक असले, तरी दंतक्षयाच्या दृष्टीने ते साखरेहून वेगळे नाहीत.

मुक्त शर्करेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी व शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. व्यवहारात त्यासाठी चहातील साखर कमी करणे, गोड पदार्थ जेवणासोबतच खाणे, मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे वा फळे घेणे व काहीही खाल्ल्यानंतर खळखळून चूळ भरणे, हे उपाय पुरेसे आहेत. तान्ह्या मुलास दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपविल्यास किंवा चोखणीस मध वा साखर लावल्यास त्याचे वरचे पुढील दात अल्पावधीत किडतात.

पाणी व फ्ल्युओराइड : अल्प प्रमाणातील फ्ल्युओराइड दंतवल्क बळकट करते, जास्त झाल्यास तेच अपायकारक ठरते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरमागे १ मिग्रॅ.पर्यंत असावे व दुसरा स्रोत नसल्यास १·५ मिग्रॅ.पर्यंत चालू शकते, असे भारतीय मानक आहे. विदर्भात चंद्रपूर, नागपूर इ. जिल्ह्यांच्या काही भागांत व मराठवाड्यात नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात हे प्रमाण जास्त आढळले आहे. दंतवल्क तयार होत असताना, म्हणजे सु. आठ वर्षांच्या वयापर्यंत, असे पाणी पिण्यात आल्यास कायमच्या दातांवर खडूसारखे पट्टे किंवा पिवळे-तपकिरी डाग उमटतात. हे डाग अस्वच्छतेचे नसल्यामुळे घासून जात नाहीत व त्यासाठी मुलांना दोष देणे अन्यायाचे आहे. एकाच वस्तीतील अनेक मुलांच्या दातांवर असे डाग दिसल्यास तेथील पाण्याची तपासणी करवून पिण्यासाठी दुसरा स्रोत निवडावा. नवीन विंधन विहीर घेतानाही अशी तपासणी करणे इष्ट होय.

तंबाखू, सुपारी व मुखाचा कर्करोग : महाराष्ट्रातील मुखारोग्याचा सर्वांत गंभीर प्रश्न तंबाखूचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६·६ टक्के प्रौढ व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३·८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४·४ टक्के होते (काही व्यक्ती दोन्ही वापरतात). येथील तंबाखू मुख्यतः तोंडातच ठेवली जाते, असा याचा अर्थ होय. विदर्भात सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून तयार केलेला खर्रा सर्वत्र प्रचलित आहे. कामाच्या ठिकाणी, प्रवासात व पाहुणचारातही तो पुढे केला जात असल्यामुळे किशोरवयीन मुलांस त्याची सवय सहज लागते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेले सर्वेक्षण १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुखाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध खेड्यापाड्यांतील प्रत्यक्ष पाहणीतून दाखविणाऱ्या आरंभीच्या मोठ्या अभ्यासांत त्याची गणना होते. सुपारी निरुपद्रवी आहे, ही समजूतही टिकलेली नाही. सुपारीमुळे गालांच्या श्लेष्मकलेखाली तंतुमय पट्टे तयार होतात, अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट खाताना तोंडाची आग होते व तोंड उघडणे क्रमाने कमी होते. मुंबईत १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांनी वर्णन केलेली ही विकृती कर्करोगात परिवर्तित होऊ शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीसही मानवी कर्करोगकारक ठरविले.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली व २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा यांचा तीत समावेश केला. २००३ च्या केंद्रीय अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे व शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे. तरीही सुपारी व साधी तंबाखू वेगवेगळी मिळत असल्यामुळे खर्रा घोटणे थांबलेले नाही.

हा रोग डोळ्यांनी दिसणाऱ्या जागी होतो, ही त्यातल्या त्यात अनुकूल गोष्ट आहे. महिन्यातून एकदा दिवसाच्या उजेडात आरशासमोर गालांची आतील बाजू, ओठ, टाळू, जिभेच्या कडा व जिभेखालील भाग पाहावा. दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, गाठ, गिळताना अडथळा, कारणाविना हलणारा दात अथवा स्वतःची तीन बोटे उभी आत जाणार नाहीत इतके आखडलेले तोंड, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ तपासणी करवून घ्यावी. आरंभीचा व्रण सहसा दुखत नाही. म्हणूनच तो दाखविण्यात दिरंगाई होते. तंबाखू व सुपारी कोणत्याही वयात सोडली, तरी पुढील धोका कमी होतो.

उपचारातील विलंब व गैरसमज : बाजारगावी दंतरुग्ण बहुधा अनेक घरगुती उपाय करून मगच दंतवैद्याकडे पोहोचतो. लवंगेच्या तेलाने कळ तात्पुरती बसते, रोग जात नाही. वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवल्यास तेथील श्लेष्मकला भाजते. पू झालेल्या दातावर गालाबाहेरून गरम शेक देणे अयोग्य आहे. दुखऱ्या दातावर मिशरी वा तंबाखू दाबून धरणे हे व्यसनाच्या अनेक आरंभांपैकी एक आहे. वरचा दात काढल्यास दृष्टी जाते, ही भीती सर्वत्र आढळते; परंतु दातांच्या व दृष्टीच्या तंत्रिका वेगळ्या असल्यामुळे तिला काहीही आधार नाही.

दाताच्या पुवामुळे गाल वा हनुवटीखालील भाग सुजला असून सोबत ताप, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास किंवा तोंड न उघडणे ही लक्षणे असतील, तर संक्रामण मानेत उतरून प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास शेतीची कामे वा बाजार आटोपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. उपचार नोंदणीकृत दंतवैद्याकडूनच घ्यावेत. दंतवैद्यांच्या नोंदणीची तरतूद १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमात करण्यात आली. रस्त्यावर बसून दात काढणाऱ्यांची हत्यारे निर्जंतुक नसतात व त्यांतून कावीळ (ब आणि क प्रकारची) तसेच इतर रक्तवाहित रोग पसरू शकतात. तात्काळ सिमेंटाने चिकटवून दिलेले ‘पक्के’ दात शेजारचे चांगले दातही निकामी करतात.

विशेष अवस्था : गर्भारपणी संप्रेरकांतील बदलांमुळे हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते; या काळात दंततपासणी टाळण्याचे कारण नाही. मूल गर्भवतीच्या दातांतील कॅल्शियम ओढून घेते, ही समजूत निराधार आहे. मधुमेहींनी वर्षातून दोन वेळा तरी हिरड्या तपासून घ्याव्यात व दात काढण्यापूर्वी मधुमेहाची, तसेच रक्त पातळ करणाऱ्या औषधांची माहिती दंतवैद्यास द्यावी. कवळी रात्री काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी. कवळी वापरणाऱ्यांनीही हिरड्या व जीभ रोज स्वच्छ करणे आवश्यक असते. अपघाताने मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाल्यास तो दंतशिखराकडून धरून, न खरवडता, क्षणभर धुऊन दुधात ठेवावा व शक्यतो तासाभराच्या आत मुलासह दंतवैद्याकडे न्यावा. असा दात पुन्हा बसविता येतो. दुधाचा दात मात्र अशा रीतीने बसवीत नाहीत.

सार्वजनिक व्यवस्था : शालेय मुलांच्या दातांची तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंतर्भूत आहे. राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून राबविण्यात येत असून त्यात जिल्हा व त्याखालील रुग्णालयांतील दंतविभागांना साहाय्य दिले जाते. असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी प्राथमिक पातळीवर करण्याची तरतूद आहे. ही तपासणी निव्वळ डोळ्यांनी व प्रकाशाच्या साहाय्याने होत असल्यामुळे तिला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्याद्वारे ही माहिती घरोघर पोहोचविता येते. शाळेत मध्यान्ह भोजनानंतर सर्व मुलांनी एकत्र चूळ भरणे व आठवड्यातून एकदा शिक्षकांसमोर ब्रश चालवून दाखविणे, यांसारखे साधे उपक्रम शेलूबाजारसारख्या गावात विनाखर्च होण्याजोगे आहेत.

दंतवैद्याची भेट दात दुखत नसतानाच, वर्षातून निदान एकदा, घ्यावी. त्या भेटीत किटण काढणे, लहान खड्डे भरणे व संशयित चट्टे तपासणे ही कामे अल्प वेळात व अल्प खर्चात होतात. तीच कामे पुढे ढकलल्यास मूळनलिकोपचार, दात काढणे, कवळी बसविणे वा कर्करोगावरील शस्त्रक्रिया यांची पाळी येते व त्यासाठी रुग्णास दूरच्या शहरी जावे लागते. [→ कर्करोग, दंतवैद्यक].